नकाराचा रकाना

शाई मीच लावली. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. सरकारचा तर मुळीच नाही. सरकारने मला फक्त बाटली आणि काडी दिली होती.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे निवडणुकीच्या कामाला माझं नाव लागलं, की केंद्रप्रमुख कोणीही असोत, माझ्याकडे बघून हमखास म्हणतात, "मास्तर, शाई तुमच्याकडे. तुमचा हात बसलेला आहे." हात बसलेला आहे हे खरं, आणि घात त्या बसलेल्या हातानेच केला. सकाळपासून दोनशे बोटं रंगवून झाली की समोरची माणसं दिसेनाशी होतात. नुसती बोटं येतात आणि नुसती बोटं जातात. त्या दिवशी दहाच्या सुमाराला असंच एक बोट आलं. जाड, निबर, नखाच्या कडांत काळं ग्रीस मुरलेलं. मी ते धरलं, नखापासून पहिल्या पेरापर्यंत एक सुबक रेघ ओढली आणि वर फुंकर मारली. फुंकर मारायची नियमात काही तरतूद नाही. ती आपली कलावंताची हौस.

"मी नकार द्यायला आलो होतो," बोटाचा मालक म्हणाला.

मी मान वर केली. साठीकडे झुकलेला, शिडशिडीत माणूस; यादीत आडनाव मेस्त्री. खाकी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टॉर्च. त्याने दुसऱ्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे पसरला. त्यावर निवडणुकीचा एक नियम स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला होता: ज्या मतदारास मत द्यावयाचे नाही, त्याने केंद्रावर येऊन तसे सांगावे; नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात 'नकार' असे लिहून त्याची सही घ्यावी; अशा नकारांची बेरीज स्वतंत्र जाहीर करावी.

"मग पहिल्या टेबलावर सांगायचंत ना," मी म्हणालो.

"सांगितलं. बाई म्हणाल्या, पुढे."

पहिल्या टेबलावर पोस्टातल्या एक बाई होत्या. त्या सकाळपासून प्रत्येकाला 'पुढे' एवढंच म्हणत होत्या. आयुष्यभर खिडकीमागे बसलेल्या बाईकडून याहून जास्त अपेक्षा करणं बरं नव्हे.

केंद्रप्रमुख धावत आले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. अशा माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती असते, ती म्हणजे न जुळणारी बेरीज. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून सुस्कारा सोडला.

"शाई लागण्यापूर्वी, असं लिहिलंय इथे."

"लागण्यापूर्वीच सांगणार होतो. यांनी तोंड उघडू दिलं नाही."

"पण आता लागली ना?"

"पुसा."

"अहो मेस्त्री, ती पुसता येत नाही म्हणून तर लावतात."

मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी ओरडलं, "काय भानगड आहे? कोणाला द्यायचं ते घरूनच ठरवून यावं की." मेस्त्री मागे न वळता म्हणाले, "घरूनच ठरवून आलोय." पण शेवटी मतपत्रिका त्यांच्या हातात कोंबली गेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, शिक्का न उमटवता तशीच कोरी घडी केली आणि पेटीत टाकली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले.

"कोऱ्या मताचं काय होतं?"

"बाद धरतात."

"म्हणजे ज्यांना शिक्का नीट मारता येत नाही, त्यांच्यात."

"तसंच काहीसं."

"एकतीस वर्षं लिफ्टची कामं करतोय," ते म्हणाले. "अजून कोणी माझं काम बाद धरलं नव्हतं." आणि गेले.

घरी येऊन मी ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आख्ख्या गावातून एकच माणूस धडपणे नाही म्हणायला आला होता. त्यालाही तुम्ही हो म्हणायला लावलंत." आमच्या घरात मतदान गुप्त असतं, पण मत नसतं.

पुढच्या रविवारी माफी मागायला गेलो. आमच्या शाळेमागे पालिकेच्या घरांची एक सात मजली इमारत आहे. त्यात मेस्त्री सहाव्या मजल्यावर राहतात. आत शिरल्याबरोबर समोर लिफ्ट दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. जवळ गेल्यावर तो परत भांड्याबाहेर आला. लोखंडी दाराला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाला शिशाचं सील. वर एक रंगीत फलक: 'नगरसेवकांच्या अथक प्रयत्नांतून लिफ्ट सुरू.' खाली नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो.

मी जिना चढायला लागलो. माझं वय चोपन्न, वजनाचा आकडा वयाच्या बराच पुढे, आणि कमरेत एक मणका असा आहे की तो अधूनमधून स्वतंत्र राष्ट्र असल्यासारखा वागतो. तिसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसलो. एका दारातून म्हातारे गृहस्थ डोकावले आणि म्हणाले, "पाणी देऊ? इथे सगळेच बसतात. उमेदवारसुद्धा इथवरच येतात. वरच्या तीन मजल्यांना आश्वासन ते इथूनच हाका मारून देतात."

सहाव्या मजल्यावर पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर शिवणकाम, बाजूला चौपायी काठी. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत नव्हे, नुसतं डोक्याकडे पाहिलं.

"शाईवाले मास्तर ना?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"टकलावरून. रोज साडेदहाला शाळेत जाता. चार वर्षं वरूनच बघतेय मी सगळ्यांना. तोंडं विसरले, टकलं पाठ आहेत. तुमचं मागच्या पावसाळ्यापर्यंत एवढं नव्हतं."

आणि मग मलाही त्या आठवल्या. मतदानाच्या दिवशी दुपारी चाकांच्या, पट्ट्यांच्या खुर्चीतून दोन स्वयंसेवकांनी एका बाईंना केंद्रावर आणलं होतं. मी घाईने काडी उचलली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सावकाश लावा, मला घाई नाही." पडद्याआड गेल्या त्या बाहेरच येईनात. केंद्रप्रमुख घड्याळ बघून कासावीस झाले होते. त्या मेस्त्रींच्या पत्नी.

"एवढा कसला विचार करत होतात, वहिनी?"

"विचार कसला. शिक्का मारायला दोन मिनिटं लागली. मग म्हटलं बसावं जरा. जमिनीवर आहोत तोवर."

मेस्त्री आतून चहा घेऊन आले. मी माफी मागितली. त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही आणि 'नसू दे'ही म्हटलं नाही. बशी पुढे केली. पुढे मी त्या घरी बऱ्याचदा गेलो, आणि त्यांची कहाणी मला अशीच, एकेक कप चहाबरोबर कळत गेली.

लिफ्ट बंद पडली त्याला एकवीस वर्षं झाली. मेस्त्री दिवसभर शहरातल्या मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी अवजारांची पिशवी घेऊन सहा मजले चढायचे. आपल्याच घरची लिफ्ट बघायची त्यांना परवानगी नव्हती. ते काम पालिकेने नेमलेल्या कंपनीचं, आणि कंपनी नेमायची अजून राहिली होती. पहिल्या निवडणुकीला नगरसेवक म्हणाले, लिफ्ट करून देतो. मेस्त्रींनी त्यांना मत दिलं. ते आले, लिफ्ट आली नाही. दुसऱ्या निवडणुकीला त्यांच्या विरोधकाला दिलं. विरोधक निवडून आला आणि महिन्याभरात नगरसेवकांच्याच पक्षात जाऊन बसला. तिसऱ्यांदा मेस्त्री घरीच बसले. तेव्हा कार्यकर्ते तिसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगून गेले, की जो मत देत नाही त्याला तक्रारीचा हक्क नाही. चौथ्यांदा यादीच्या तळाशी 'यांपैकी कोणीही नाही' अशी ओळ निघाली होती. मेस्त्रींनी तिथे शिक्का मारला. त्या ओळीला दोन उमेदवारांपेक्षा जास्त मतं पडली. नगरसेवकांनी विजयसभेत मोठ्या मनाने त्या मतदारांचेही आभार मानले.

"ती ओळ म्हणजे," मेस्त्री मला म्हणाले, "बटणामागची वायर तुटलेली असते ना, तसं. दाबलं की दिवा लागतो. माणसाला वाटतं, येतेय लिफ्ट. उभा राहतो."

हे त्यांनी मला त्यांच्या कामाच्या जागी सांगितलं. एका बँकेच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राची खोली होती. वर्गापेक्षा लहान, तेलाच्या वासाने भरलेली. मोटर फिरत होती, दोर चाकावरून सरसर जात होते, आणि मेस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवून त्याची मूठ कानाला लावून उभे होते, डॉक्टर छातीला नळी लावतात तसे.

"ऐका," त्यांनी मूठ माझ्या कानाला लावली. मला गिरणीसारखी घरघर ऐकू आली.

"छान चाललीय," मी अंदाजाने म्हणालो.

"महिन्याभरात जाईल. बेअरिंग बोलतंय."

"मग तुमच्या इमारतीतल्या लिफ्टला काय झालं होतं?"

"काही नाही. ब्रेकची कॉइल जळलेली, आणि एका दाराचा कॉन्टॅक्ट. दीड दिवसाचं काम." त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक फडक्याने पुसलं. "केलंही होतं मी."

मला ते माहीत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी एका शनिवारी त्यांनी सील तोडलं आणि रविवारी दुपारी लिफ्ट चालू केली. कुणाला सांगितलं नाही, गाजावाजा केला नाही. सगळी इमारत मुकाट्याने वर-खाली करू लागली. एकोणीस दिवस चालली. विसाव्या दिवशी नगरसेवकांनी तो फलक लावला आणि फोटो वर्तमानपत्रात दिला. पालिकेच्या कचेरीत कोणीतरी तो वाचला, फाइल काढली आणि विचारलं, आपण मंजुरी दिली नाही तर लिफ्ट सुरू झालीच कशी? दोन निरीक्षक आले, मोटर काढून घेऊन गेले, नवं सील ठोकलं आणि मेस्त्रींना घर खाली करण्याची नोटीस देऊन गेले. ती नोटीस हातापाया पडून मागे घ्यायला लावली. फलक काढायचा हुकूम नव्हता, म्हणून तो राहिला.

"आणि वहिनींचं?"

"त्यानंतर सहा महिन्यांनी. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पाय घसरला. खुब्याचं हाड." त्यांनी मूठ परत कानाला लावली. त्यामुळे पुढचं काही विचारता आलं नाही.

तेव्हापासून त्या खाली उतरल्या त्या दोनदाच, दोन्ही वेळा मत द्यायला. निवडणूक कचेरीकडे तशी खास खुर्ची होती आणि ती उचलायला दोन स्वयंसेवक. एकदा शेजाऱ्यांनी घरच्या खुर्चीला दोऱ्या बांधून प्रयत्न केला होता, पण जिना अरुंद, वळणं अवघड. पाचव्या मजल्यावर एकाची कंबर गेली आणि वहिनी खुर्चीसकट कठड्यावर टेकल्या. पुन्हा त्या तयार झाल्या नाहीत. मेस्त्रींनी कचेरीत जाऊन ती खुर्ची महिन्यातून एक दिवस मागितली. कारकून म्हणाला, ती निवडणुकीची आहे. तळमजल्यावरच्या घराशी अदलाबदल करायचा अर्ज दिला होता, पण तळमजला सोडतंय कोण.

म्हणून त्या घरात निवडणूक जाहीर झाली की दोन मतं पडायची, तीही अगदी घरातल्या घरात. वहिनी चार दिवस आधी केस धुवायच्या, ठेवणीतली साडी काढायच्या. मेस्त्री वैतागायचे.

"सहा मजले उतरवतात ते तुझ्या शिक्क्यासाठी. शिक्का मारून झाला की परत वर ठेवतात, कपाटात ठेवतात तसं."

"उतरवतात तर खरं," वहिनी म्हणायच्या. "तुमच्या नकाराने कोण उतरलंय?"

 पण मेस्त्रींचं एक म्हणणं होतं, आणि ते मला पटलं होतं. ते म्हणायचे, "मला कोणी निवडून यायला नको, पडायलाही नको. एका सरकारी वहीत एका ओळीत लिहिलेलं पाहिजे की हा माणूस आला होता, शुद्धीवर होता आणि नाही म्हणाला. बस्स." एवढीशी इच्छा. ती मी एका काडीने बुडवली होती.

म्हणून मी तक्रार लिहायला घेतली. अर्ज लिहिण्यात मला गती आहे. शाळेत खडूंसाठी मी वर्षाला आठ लिहितो. तीन पानं झाली. त्यात मी स्वतःचा गुन्हा कबूल केला, नियम उद्धृत केला, समासात त्या बोटाचं प्रमाणबद्ध चित्रही काढलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मेस्त्रींनी टॉर्चच्या उजेडात वाचलं, जिन्यात दिवे नव्हते म्हणून. 'आपण मतदान केल्याची नोंद आढळते. सबब नकाराची नोंद करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. लोकशाहीतील आपल्या सहभागाबद्दल आभारी आहोत.' सोबत एक प्रमाणपत्र होतं: जागरूक मतदार.

"चौकट करायची का याला?" घरात आल्यावर वहिनींनी विचारलं.

"दुसरा अर्ज करू," मी म्हणालो.

मेस्त्री म्हणाले, "मास्तर, चित्र चांगलं आलं होतं."

एवढ्यात नगरसेवकांना वरच्या सभेत जागा मिळाली आणि त्यांनी खालची सोडली. पोटनिवडणूक लागली. पक्षाने त्यांच्या भाच्याला उभं केलं. माझं नाव परत कामाला लागलं आणि मी पहिल्यांदाच खूश झालो. नियमांचं पुस्तक पाठ केलं. केंद्रप्रमुख नवे होते, त्यांना आदल्या दिवशीच कलम दाखवून ठेवलं. पोस्टातल्या बाईंना विनवून सांगितलं, की या नावाला 'पुढे' म्हणू नका. त्या म्हणाल्या, "मग काय म्हणू?" मी म्हटलं, "काही म्हणू नका, नुसतं माझ्याकडे बघा." मेस्त्रींनाही घरी जाऊन सांगून आलो होतो. ते 'हं' म्हणाले होते. वहिनी खिडकीतून खाली बघत होत्या. या खेपेला त्यांनी केस धुतले नव्हते. निवडणूक कचेरीने कळवलं होतं, की पोटनिवडणुकीसाठी खुर्चीची सोय नाही.

मतदानाच्या दिवशी मी बाटलीचं बूच घट्ट लावून बसलो. दुसऱ्यांना लावायचं तेवढ्यापुरतं उघडायचो. अकराच्या पुढे मेस्त्री रांगेत दिसले. आज खाकी शर्ट नव्हता, पांढरा, इस्त्रीचा होता. पोस्टातल्या बाईंनी नाव वाचलं, खूण केली आणि कबूल केल्याप्रमाणे माझ्याकडे बघितलं. मी हात टेबलाखाली घेतले, नोंदवही फिरवून त्यांच्यापुढे केली आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन ठेवलं. इतकं सुबक काम मी तीस वर्षांत केलं नसेल.

"ही तुमची ओळ," मी म्हणालो. "इथे मी 'नकार' लिहितो. तिथे तुम्ही सही करा."

मेस्त्रींनी ओळ वाचली.  मग डावा हात पुढे केला, बोट ताठ करून.

"शाई लावा. कागद द्या."

"अहो मेस्त्री, शाई नको. तेच तर. आठ महिने आपण कशासाठी भांडलो?"

त्यांनी मान न हलवता नुसती नजर भिंतीकडे नेली. भिंतीशी बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. कोण आलं, कोणी काय केलं, सगळं टिपून घेत. भाच्याचा माणूस पहिलाच होता आणि तो मेस्त्रींकडे बघून ओळखीचं हसत होता.

मग त्यांची नजर खिडकीकडे गेली म्हणून मीही बघितलं. शाळेच्या आवारात, झाडाखाली, चाकांच्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. ठेवणीतली साडी, पण केस घाईघाईने बांधलेले. पायांतल्या चपला काढून त्यांनी तळवे मातीवर टेकवले होते. खुर्चीच्या दोन बाजूंना भाच्याच्या पक्षाचे दोन दांडगे गडी उभे होते, गळ्यात पक्षाची उपरणी. खुर्ची त्यांनीच कुठून तरी पैदा केली होती. सकाळी सहाही मजले चढून गेले होते, तिसऱ्यावर न बसता.

"मत कोणाला दिलं ते त्यांना कळत नाही," मी पुटपुटलो.

"सही केलेली कळते," मेस्त्री म्हणाले.

ते खरंच होतं. सही उघड्यावर करायची होती, बाकावरच्या पाच जणांसमोर; नियमच तसा होता, आणि तो मला पाठ होता. तरी माझ्याच्याने राहवेना. माझी चूक दुरुस्त करायला ही एकच संधी होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. मागून रांग कुरकुरायला लागली. मी वही आणखी थोडी पुढे सरकवली.

"मेस्त्री, एक सही. तुम्हीच म्हणाला होतात, वहीत एक ओळ पाहिजे. आज नाही केलीत तर परत कधी?"

त्यांनी बोट तसंच पुढे धरून ठेवलं आणि आवाज न चढवता विचारलं, "आणि तिला वर कोण नेणार, तुम्ही?"